हाताने संगणक चालवण्याची नवी साधने : खरेदीपूर्वी वाचावे असे माहितीपत्रक

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या दुकानात कीबोर्ड किंवा माउस घेण्यासाठी येणारे ग्राहक अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात : हवेत हात फिरवला की संगणक चालतो, असे यंत्र आपल्याकडे आहे का? यंत्र आहे, आणि ते चालतेही. परंतु ते आपल्या कामाचे आहे किंवा नाही, हे आपला हात दिवसभर काय करतो यावर ठरते. हा खुलासा काउंटरवर दोन मिनिटांत होत नाही, म्हणून तो येथे सविस्तर छापला आहे. यात उल्लेखिलेली काही साधने आम्ही विकतो, काही विकत नाही आणि काही भारतात अद्याप सहजी मिळत नाहीत. ज्या त्या ठिकाणी तसे स्पष्ट लिहिले आहे.

नवे म्हणून जे सांगितले जाते त्यातील बरेच काही जुने आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी माउस जाहीरपणे दाखवला, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखाली माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांची एक छोटी पट्टी होती. माउस घरोघरी पोहोचला, पट्टी मागे पडली. त्या पट्टीवर पेटीवर सूर धरावेत त्याप्रमाणे एकाच वेळी एक किंवा अनेक कळा दाबून अक्षर उमटवायचे असे. पाच कळांच्या अशा एकतीस जोडण्या होतात; रोमन लिपीच्या सव्वीस अक्षरांना त्या पुरतात, मराठीच्या वर्णमालेला पुरत नाहीत. याच तत्त्वावरील एका हाताचे कीबोर्ड आणि बोटांत अडकवायचे पट्टे आज परदेशात मिळतात. ते शिकण्यास चिकाटी लागते, आणि देवनागरीसाठी जोडण्या बहुधा स्वतःच बसवाव्या लागतात, म्हणून आम्ही ते दुकानात ठेवत नाही. याला एक मोठा अपवाद मात्र आहे. ज्यांना ब्रेल येते त्यांच्यासाठी हीच पद्धत सर्वांत नैसर्गिक ठरते, कारण ब्रेलची सहा टिंबे म्हणजे सहा बोटांच्या जोडण्याच होत. आयफोनमध्ये २०१४ पासून आणि अँड्रॉइड फोनमध्ये २०२० पासून पडद्यावरच ब्रेल टंकलेखनाची सोय आहे. ती सुरू करून देण्याचे आम्ही काहीही शुल्क घेत नाही.

हवेतील हात

आता ज्याविषयी सर्वाधिक विचारणा होते त्या पद्धतीकडे वळू. हवेतील हात ओळखणारी साधने मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात टेबलावर ठेवायची एक लहान डबी असते. २०१३ मध्ये बाजारात आलेल्या लीप मोशन या साधनात दोन अवरक्त कॅमेरे आणि तीन अवरक्त दिवे होते. डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश हातावर पडून परत येतो आणि दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांतील फरकावरून बोट किती उंचीवर आहे हे ठरते. त्याची पोच सुमारे ६० सेंटिमीटर होती. दुसऱ्या प्रकाराला वेगळे यंत्र लागतच नाही. लॅपटॉपचा साधा कॅमेरा पुरतो आणि काम प्रोग्रॅम करतो. गूगलने २०१९ मध्ये खुल्या केलेल्या मीडियापाइप या संचात प्रत्येक हाताचे एकवीस बिंदू धरलेले आहेत : मनगटाचा एक आणि पाचही बोटांचे प्रत्येकी चार. प्रोग्रॅम आधी तळहात शोधतो, कारण बोटे सतत वळत असतात आणि तळहाताचा आकार त्या मानाने स्थिर राहतो. तळहात सापडला की मग बोटांची पेरे मोजली जातात. तर्जनी आणि अंगठा यांची टोके जवळ आली की चिमूट झाली असे समजून ती क्लिक मानायची, असा बहुतेक प्रोग्रॅमांचा रिवाज आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रो या डोक्यावर घालायच्या साधनात हीच चिमूट वापरली आहे. तेथे बोटाने दाखवावे लागत नाही, ज्या चिन्हाकडे नजर असेल त्यावर चिमूट लागू होते, त्यामुळे हात मांडीवर ठेवूनही काम होते.

मांडीवरचा हात ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही. आपण हे पत्रक वाचत असतानाच उजवा हात समोर सरळ धरावा आणि पुढील दोन परिच्छेद संपेपर्यंत तो खाली घेऊ नये. खांदा भरून येऊ लागेल. संगणकाच्या क्षेत्रात या थकव्याला ‘गोरिला आर्म’ असे विनोदी नाव पडले आहे, आणि उभ्या पडद्याला हात लांब करून दिवसभर स्पर्श करणाऱ्यांनाही तो जाणवतो. कीबोर्डवर काम करताना मनगटाला आणि कोपराला टेकू असतो. हवेत तो नसतो. शिवाय कळ दाबली गेली हे बोटाला कळते, हवेत दाबलेले काही कळत नाही, त्यामुळे नजर सतत पडद्यावर खिळवून ठेवावी लागते. ज्यांना दिवसाला चार पाने टंकायची आहेत अशा कोणालाही आम्ही हे साधन सुचवत नाही. आग्रह केला तरी आधी अर्धा तास वापरून पाहण्यास सांगतो.

असे असले तरी ज्यांचे हात ओले, तेलकट किंवा मोजे घातलेले असतात त्यांच्यासाठी हे साधन खरोखर उपयोगी आहे. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात यंत्राच्या शेजारी नकाशा उघडून ठेवणारा फिटर, हातमोजे न काढता क्ष-किरण चित्र मागेपुढे करू पाहणारे दंतवैद्य, पिठाच्या हातांनी ऑर्डरची यादी पुढे सरकवणारे मिठाईवाले, यांना दिवसातून वीसपंचवीस वेळा एखादी खूण करायची असते आणि तेवढ्यासाठी हात धुऊन पुसायचा त्रास वाचतो. अशा कामासाठी खुणा तीनचारच ठेवाव्यात, असा आमचा सल्ला आहे. दहा खुणा शिकवणारे प्रोग्रॅम प्रात्यक्षिकात छान दिसतात, पण एका खुणेची दुसरीशी गल्लत होऊ लागली की वापरणारा कंटाळून पुन्हा माउस उचलतो.

जागा निवडतानाही काही पथ्ये पाळावी लागतात. थेट ऊन पडणाऱ्या खिडकीशेजारी अवरक्त साधन ठेवू नये, कारण उन्हातही तोच अदृश्य प्रकाश भरपूर असतो. चमकदार घड्याळ, कडे, अंगठ्या आणि विशेषतः काचेच्या बांगड्या यांवरून प्रकाश परावर्तित होऊन मनगट कोठे संपते याचा अंदाज चुकू शकतो; बांगड्या काढाव्यात असे सांगणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही, म्हणून अशा ग्राहकांच्या बाबतीत कॅमेरा समोरून न लावता वरून लावून पाहतो. मागे बसून हातवारे करत गप्पा मारणारे दुसरे कोणी असले की यंत्र त्यांचेही हात मोजू लागते, हे दुकानात आम्ही रोज अनुभवतो. शेवटचे म्हणजे, कॅमेरा दिवसभर चालू राहणार असल्याने त्याचे चित्र आपल्याच संगणकात तपासले जाते की इंटरनेटवरून बाहेर जाते, हे प्रत्येक प्रोग्रॅमच्या बाबतीत विचारून घ्यावे. आम्ही बसवून देतो ते प्रोग्रॅम इंटरनेट बंद करूनही चालतात. बसवतेवेळी तसे करून दाखवतो.

कॅमेऱ्याऐवजी रडार वापरण्याचाही प्रयत्न झाला आहे. गूगलच्या सोली या चिपमध्ये ६० गिगाहर्ट्झच्या लहरी हातावरून परत येत आणि बोटांची बारीक हालचाल अंधारातही ओळखली जाई. ती २०१९ मध्ये पिक्सेल ४ या फोनात बसवली गेली, परंतु तो फोन भारतात विक्रीस आलाच नाही. या लहरींच्या वापराला येथे लागणारी परवानगी हे त्याचे कारण असल्याचे त्या वेळी सांगितले गेले.

मनगटावरचा पट्टा

डावा हात उजव्या हाताच्या कोपराखाली ठेवून उजव्या हाताची बोटे एकेक करून हलवून पाहावीत. त्वचेखाली काहीतरी सरकताना जाणवेल. बोटे वळवणारे बरेचसे स्नायू बोटांत नसून कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात, आणि तेथून निघालेल्या दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटे ओढली जातात. स्नायू आखडताना जो अत्यंत क्षीण विद्युत संकेत उमटतो तो त्वचेवरूनच टिपणारा पट्टा मनगटावर बांधला, तर हात कॅमेऱ्यासमोर असण्याची गरज उरत नाही. तो खिशात असला तरी चालतो. थाल्मिक लॅब्ज या कॅनडातील कंपनीचा मायो नावाचा आठ संवेदकांचा पट्टा याच तत्त्वावर होता, त्याची विक्री २०१८ मध्ये थांबली. २०१९ मध्ये फेसबुकने याच विषयावर काम करणारी सीटीआरएल-लॅब्ज ही कंपनी घेतली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मेटाने (फेसबुक कंपनीचे नवे नाव) आपल्या पडदा असलेल्या चष्म्यासोबत असा पट्टा अमेरिकेत विक्रीस आणला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात बोटाने लिहिण्याची खूण करून मिनिटाला सुमारे एकवीस शब्द लिहिता आल्याची नोंद आहे. हा वेग सरावलेल्या टंकलेखकाच्या जवळपासही नाही, परंतु कीबोर्ड नसलेल्या ठिकाणी तो कमी म्हणता येणार नाही. आम्ही हे साधन विकत नाही. परदेशातील नातेवाइकांकडून ते मागवण्यापूर्वी मराठी अक्षरे त्यात लिहिता येतात का, याची खात्री आपण करून घ्यावी.

ज्यांचे काम लिहिण्याचे आहे

बडोद्यातील अनेक मराठी घरांत एक गोष्ट सहज आढळते : घरचा पत्रव्यवहार मराठीत आणि कचेरीतील काम गुजरातीत. अशा ग्राहकांना आम्ही कोणतेही यंत्र विकण्याआधी इनस्क्रिप्ट ही कळांवरील अक्षरांची मांडणी दाखवतो. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ च्या मानकात समाविष्ट केलेली ही मांडणी विंडोजमध्ये मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांसाठी आधीच असते, तिला पैसे पडत नाहीत, आणि तिचा खरा लाभ असा की उच्चार एक तर कळही एक. रोमन ‘के’ छापलेल्या कळेवर मराठीत क येतो आणि गुजरातीतही तोच वर्ण येतो. शिफ्टसह ख येतो. काना, मात्रा, वेलांटी मुख्यतः डाव्या हाताकडे आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे असल्यामुळे ‘काका’ हा शब्द उजवा, डावा, उजवा, डावा असा आळीपाळीने उमटतो आणि कोणत्याही एका हातावर भार पडत नाही. ‘वाऱ्यावर’ मधील अर्धा र लिहिण्यासाठी लागणारे अक्षर आणि ळ या दोन्हींना तेथे स्वतःची जागा आहे. रोमन अक्षरांत मराठी लिहून ती देवनागरीत बदलून घेण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना पहिले काही आठवडे ही मांडणी जड जाते, हे आम्ही लपवत नाही. कळांवर चिकटवायची देवनागरी आणि गुजराती अक्षरे आमच्याकडे मिळतात.

फोनवर बोट न उचलता अक्षरांवरून फिरवत शब्द लिहिण्याची पद्धत वयस्कर ग्राहकांना चटकन जमते, असा आमचा अनुभव आहे. बडोदे संस्थानाच्या जुन्या दप्तरांतील मोडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना यात फारसे नवल वाटणार नाही. लेखणी शक्यतो न उचलता ओळ पुढे नेण्याची युक्ती तीच आहे. फरक इतकाच की येथे अक्षराच्या वळणाऐवजी बोटाच्या वाटेवरून शब्द ओळखला जातो, म्हणून शब्दकोशात नसलेली आडनावे आणि गावांची नावे सुरुवातीला चुकतात.

चित्रकार आणि ललित कला शाखेचे विद्यार्थी यांच्यासाठी पेन टॅब्लेटला, म्हणजे पेनाने रेघ ओढली की ती संगणकात उमटते अशा पाटीला, आजही तोड नाही. चांगल्या टॅब्लेटच्या पेनात बॅटरी नसते. पाटीतील तारांच्या जाळीतून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावरच ते चालते. दाबाच्या ८१९२ पातळ्या अशी जाहिरात पाहून अधिक पैसे मोजण्यापूर्वी पाटीचा आकार आपल्या हाताच्या फिरतीला पुरतो का हे पाहावे. पातळ्यांतील फरकापेक्षा तो अधिक जाणवतो, असे आमचे मत आहे.

मनगट दुखते म्हणून नवे साधन हवे, असे सांगणाऱ्या ग्राहकांना आम्ही हस्तांदोलनाच्या स्थितीत धरायचा उभा माउस किंवा जागेवरच राहून बोटांनी फिरवायचा ट्रॅकबॉल दाखवतो. परंतु बोटांना मुंग्या येत असतील किंवा वस्तू हातून सुटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे आणि मग आमच्याकडे यावे. माउस डाव्या हाताने वापरण्याची सोय प्रत्येक संगणकात असते आणि तिला काहीच खर्च येत नाही.

वरील साधनांपैकी कॅमेऱ्याची दोन साधने, उभा माउस, ट्रॅकबॉल आणि दोन आकारांचे पेन टॅब्लेट दुकानाच्या आतल्या खोलीत टेबलावर मांडून ठेवले आहेत. दुपारी तीन ते पाच या वेळेत गर्दी कमी असते. येताना आपले रोजचे काम असलेला लॅपटॉप किंवा निदान एक फाइल पेन ड्राइव्हवर आणावी. आमच्या नमुन्याच्या चित्रांवर प्रत्येक साधन चांगलेच चालते. घेतलेले साधन पंधरा दिवसांच्या आत, खोके आणि पावतीसह, कारण न विचारता परत घेतले जाईल. फक्त अक्षरांची चिकटपट्टी एकदा लावल्यावर परत घेता येत नाही.