हस्तलिखितासाठी प्रकाशकांची चढाओढ

एकाच कादंबरीचे प्रकाशनहक्क मिळवण्यासाठी दोन किंवा अधिक प्रकाशकांमध्ये होणारी स्पर्धा. इंग्रजी प्रकाशनव्यवसायात ती बोली लावून चालते. लेखकाचा एजंट एकाच वेळी अनेक संपादकांकडे बाड, म्हणजे हस्तलिखित, धाडतो, उत्तराची मुदत ठरवून देतो आणि आगाऊ मानधनाचे आकडे फेरीगणिक चढत जातात. कधी एखादा प्रकाशक लिलावाची वेळ येऊ न देता मोठी रक्कम पुढे करतो आणि बाड उचलतो. ही रक्कम बक्षिसी नसते. पुढच्या रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीवर लेखकाला मिळणाऱ्या वाट्यातून, ती वळती होते.

पुण्यात असा लिलाव सहसा होत नाही. मराठीत एजंट जवळजवळ नाहीतच. शिवाय पहिली आवृत्ती बहुधा १,०००–१,१०० प्रतींची आणि रॉयल्टी छापील किमतीवर १०–१५ टक्के, तेव्हा बोली चढवणार कुठून? एकच बाड दोन प्रकाशकांकडे वाचायला दिल्याचे कळले, तर सदाशिव-नारायण पेठेतल्या प्रकाशकांना ते फारसे आवडत नाही. आणि अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात, म्हणजे पुण्याच्या पुस्तकबाजारात, कळायला वेळही लागत नाही.

म्हणून इथली खरी चढाओढ बाड पुरे होण्याआधीच सुरू होते. दिवाळी अंकात एखाद्या नव्या लेखकाची दीर्घकथा किंवा कादंबरीचा भाग गाजला, की प्रकाशकाचा फोन जातो: ‘पूर्ण झाली की आधी आम्हाला दाखवा.’ याला शब्द टाकून ठेवणे म्हणतात. कागदावर काही नसते, तरी असा शब्द मोडणे लेखकाला जड जाते. पैशापेक्षा संपादनाचा दर्जा, मुखपृष्ठ कोण करणार, वितरण किती दूरवर आणि जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्या वेळेवर निघतील का, यांवर निर्णय ठरतो. चांगला प्रकाशक एका कादंबरीवर नव्हे, लेखकाच्या पुढच्या सगळ्या पुस्तकांवर डोळा ठेवून असतो.

दुसरी आणि जास्त चुरशीची स्पर्धा खपाची खात्री पटलेल्या कादंबऱ्यांसाठी असते. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढलेली वि. स. खांडेकरांची ‘ययाती’ (१९५९) पुढे मेहता पब्लिशिंग हाऊसकडे गेली, तर त्यांनीच काढलेली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाकडे. खांडेकरांच्या पुस्तकांवरून देशमुख आणि कंपनी व लेखकाचे वारस यांच्यातला वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. करार हक्क कायमचे देणारा की निव्वळ परवान्याचा, हा त्यात कळीचा मुद्दा होता.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन प्रकाशकाने ते वर्षभर वापरलेच नाहीत आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर ते लेखकाकडे परततात. तोंडी शब्दावर चालणाऱ्या व्यवहारात ही कलमे बरेचदा भांडण झाल्यावरच उघडली जातात. ई-पुस्तक, ऑडिओ आणि चित्रपट-मालिकेचे हक्क आता करारात वेगळे लिहून घेण्याकडे जाणत्या लेखकांचा कल असतो.