'पायथन' म्हटल्यावर ओ कोण देतं?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या 2.7 या आवृत्तीत 7 भागिले 2 केलं की उत्तर येतं 3. तोच हिशेब पायथन 3 मध्ये केला की 3.5. ओळ तीच, आणि एरर कुठेच नाही. प्रोग्राम सरळ बंद पडला असता तर परवडलं असतं.

पायथन 3 डिसेंबर 2008 मध्ये आली, तीच जुन्या कोडशी काडीमोड घेऊन. 2.7 ची अधिकृत देखभाल मात्र 1 जानेवारी 2020 ला थांबली. तोवर अनेकांना दोन्ही एकाच मशीनवर नांदवाव्या लागल्या. आजही तीच गत आहे. 3.12 मधून डिस्ट्युटिल्स हे पॅकेजेस बांधून बसवण्याच्या कामी येणारं मोड्यूल काढून टाकल्याने कित्येक जुनी पॅकेजेस तिच्यावर बसत नाहीत, मग तो प्रोजेक्ट 3.11 वरच ठेवावा लागतो.

दोन आवृत्त्या डिस्कवर ठेवायला काहीच अडचण नसते. घोळ होतो तो टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, नुसतं 'पायथन' टाइप केल्यावर. या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. शेलकडे फोल्डरांची एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. शेल ती वरून खाली चाळतो आणि त्या नावाची चालवण्याजोगी पहिली फाइल सापडली की थांबतो. आवृत्ती वगैरे तो बघतच नाही.

पायएन्व्ह हे साधन नेमकं इथे हात घालतं. यादीच्या अगदी वर ते स्वतःचा फोल्डर घुसवतं आणि त्यात 'पायथन' नावाची एक तोतया स्क्रिप्ट ठेवतं. शेलला आधी हीच सापडते. मग ती चालू फोल्डरमध्ये आवृत्तीचा आकडा लिहिलेली छोटी फाइल शोधते. नसेल तर त्याच्या वरच्या फोल्डरमध्ये, मग त्याच्याही वर. कुठेच नाही मिळाली तर सर्वांसाठी ठरवलेली आवृत्ती घेते आणि काम खऱ्या पायथनकडे सोपवते. त्यामुळे प्रोजेक्टचा फोल्डर बदलला की आवृत्ती आपोआप बदलते. युक्ती मूळची रुबी या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांची, त्यांच्या आरबीएन्व्ह या तशाच साधनातून उचललेली.

एवढा खटाटोप न करता सिस्टीमचीच पायथन बदलली तर? सेंटओएस 7 या लिनक्स सिस्टीमवर हे करून बघणारे बरेच निघाले. तिथलं यम, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारं साधनच, पायथन 2 मध्ये लिहिलेलं. 'पायथन' हे नाव 3 कडे वळवलं की यम सिंटॅक्स एररवर आपटतं, आणि दुरुस्तीसाठी काही बसवायचं तर ते यमनेच! डेबियन 12 या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमने 2023 मध्ये अशा ढवळाढवळीला थोडा लगाम घातला: सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने, पॅकेज टाकायला गेलात तर ते साफ नकार देतं आणि आधी व्हेन्व्ह, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरता पॅकेजेसचा वेगळा कप्पा, तयार करायला सांगतं.