किलो, बार, किलोपास्कल आणि पाण्याची उंची
पंप, पाइप व प्रेशर गेज घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

एकाच कामाच्या सामानावर दाब चार तऱ्हांनी लिहिलेला असतो. गेजच्या तबकडीवर किलो किंवा बार, पीव्हीसी पाइपवर मेगापास्कल, पंपाच्या पाटीवर मीटर हेड (हेड म्हणजे पाण्याच्या स्तंभाची उंची) आणि गॅस किंवा ब्लोअरच्या कामात मिलिमीटर. मापे वेगळी, गोष्ट एकच: पाण्याचा उभा स्तंभ तळाशी किती जोर देतो.

आपण ज्याला नुसते 'किलो' म्हणतो, तो म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोग्रॅमचा भार. एक चौरस सेंटिमीटर तोंडाच्या उभ्या नळीत १० मीटरपर्यंत पाणी भरले, तर ते १,००० घन सेंटिमीटर, म्हणजे एक लिटर होते आणि त्याचे वजन एक किलो. म्हणून १ किलो = १० मीटर, साधारण ३३ फूट. एवढे पाठ असले की बाकीचे त्यावरून काढता येते.

१ बार = १०० किलोपास्कल = १.०२ किलो = १०.२ मीटर
१ किलो = ९८ किलोपास्कल = ०.९८ बार = १४.२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच)
१ मेगापास्कल = १० बार = १०२ मीटर
१ किलोपास्कल = १०२ मिलिमीटर
१ मिलिमीटर = ९.८ पास्कल

किलो आणि बार यांत फरक दोन टक्क्यांचा. घरच्या नळकामात तो सोडून दिला तरी चालतो. बॉयलरच्या किंवा तपासणीच्या कागदावर मात्र दोन्ही एकच समजून लिहू नका. तक्ता पाण्याची घनता लिटरला एक किलो धरून केला आहे. पाणी ८० अंशांवर गेले की ते जवळजवळ तीन टक्के हलके होते, मग एका किलोसाठी १०.३ मीटर उंची लागते. आमच्याकडच्या मे महिन्यात स्लॅबवरच्या टाकीतले पाणी कितीही तापो, हा फरक जेमतेम एक टक्का. त्याची काळजी नको.

टाकीचा आकार दाबात येत नाही. पाचशे लिटरची असो वा दोन हजारांची, नळापासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंतची उभी उंची तेवढी मोजायची. शॉवरच्या वर १० फुटांवर पाणी असेल तर मिळतात ०.३ किलो, तेही नळ बंद असताना. पाणी वाहू लागले की पाइपच्या घर्षणात त्यातला काही भाग जातो. टाकी मोठी घेऊन धार वाढत नाही. टाकी उचला, पाइप जाड करा किंवा प्रेशर पंप लावा.

सर्वात जास्त तक्रार बोअरवेलच्या गेजची येते. "साठ मीटरवरून पाणी उचलतो आणि काटा एकच किलो दाखवतो, पंप कमजोर आहे." बहुतेक वेळा पंप ठीक असतो. बोअरच्या तोंडावरचे गेज फक्त त्याच्या पुढचा भार दाखवते: तिथून टाकीपर्यंतची चढण आणि त्या पाइपमधले घर्षण. खालचे साठ मीटर गेजपर्यंत येण्यातच खर्ची पडलेले असतात. खरी ताकद पाहायची असेल तर व्हॉल्व्ह काही सेकंदांपुरता बंद करून काटा वाचा. ४ किलो आले आणि त्या वेळी पाण्याची पातळी ६० मीटरवर असेल, तर एकूण हेड १०० मीटर. ते पंपाच्या तक्त्यातल्या कमाल हेडशी ताडून पाहा. व्हॉल्व्ह लगेच उघडा, बंद व्हॉल्व्हवर पंप तापतो.

पाटीवरच्या कमाल हेडचा अर्थही नीट घ्या. कूलरच्या छोट्या पंपावर 'कमाल १.८ मीटर' लिहिलेले असते, म्हणजे त्या उंचीवर धार शून्य. गवताचे पॅड भिजवायला पाणी वाहायला हवे, म्हणून वरच्या नळीची उंची त्याच्या निम्म्याच्या आसपास ठेवा.

विहिरीवर काठाला बसवलेल्या पंपाचे गणित वेगळे. तो पाणी ओढत नाही, बाहेरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०.३ मीटर पाण्याएवढा असतो. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे तो १० मीटरच्या किंचित खाली. घर्षण, वाफ आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली की हातात सहा-सात मीटर उरतात. उन्हाळ्यात विहिरीची पातळी त्याखाली गेली की तोच पंप पाणी उचलेनासा होतो. अशा वेळी जास्त एचपीची मोटर मागू नका. पंप खाली उतरवा किंवा सबमर्सिबल घ्या.

काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांसाठी: ठिबकचे बरेच ड्रीपर १ किलो दाबावर मोजलेले असतात. बांधावर चार-पाच फूट ओट्यावरची टाकी जेमतेम ०.१५ किलो देते. पाइपवरचा ०.६ मेगापास्कल म्हणजे ६१ मीटर, पण अचानक बंद केलेल्या व्हॉल्व्हचा धक्का त्यात धरलेला नसतो.

गॅस आणि ब्लोअरकडे आलो की मीटर मोठे पडतात. घरगुती शेगडीचा दाब ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे ३०० मिलिमीटर पाणी. तो शून्य ते सात किलोच्या गेजवर पाहायला गेलात तर काटा हलल्याचेही कळणार नाही. इथे यू-नळी (पाणी भरलेली 'U' आकाराची पारदर्शक नळी) हवी आणि ती वाचताना दोन्ही बाजूंच्या पातळ्यांमधले अंतर मोजायचे. एक बाजू १५० चढते, दुसरी १५० उतरते. एकच बाजू वाचून दाब निम्मा सांगणारे खूप भेटतात. नळीत पाण्याऐवजी रंगीत मापन-तेल असेल तर त्याच्यासाठी छापलेलीच पट्टी वापरा, कारण ते पाण्यापेक्षा हलके असते.

गेज घेताना रोजचा दाब तबकडीच्या मधल्या भागात येईल असे घ्या: ३ किलोच्या कामाला शून्य ते सहा. गेज टाकीच्या तळापेक्षा दोन मीटर खाली बसवलेत तर ते ०.२ किलो जास्त दाखवेल. दुकानात येताना पाण्याची पातळी, टाकीची उंची, पाइपचा व्यास आणि लांबी लिहून आणा, हेड आम्ही काढून देऊ.