थ्री नॉट थ्रीचे लाकूड : बैठकीच्या वादाची पार्श्वभूमी

थ्री नॉट थ्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या ली-एनफील्ड रायफलीचे लाकूड पुन्हा बसवायला घेतले की एक वाद हमखास उभा राहतो, आणि तो नळीच्या टोकाविषयी असतो. पुढच्या लाकडाने नळीला खालून वर रेटावे, की नळी सगळ्या बाजूंनी मोकळी सोडावी? हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. तरीही नेम बिघडण्याचे मूळ बहुतेक वेळा पार मागे, चापाच्या वरच्या अंगाला दडलेल्या दोन लहानशा लाकडी पृष्ठभागांत सापडते, आणि इतिहासभर त्यांच्याकडे व्हायला हवे होते तेवढे लक्ष गेलेले नाही.

या घराण्यातील लाकूड आरंभापासून दोन तुकड्यांत आहे. मागचा दस्ता एका लांब बोल्टने बॉडीच्या (नळीमागच्या, यंत्रणा धरणाऱ्या पोलादी भागाच्या) सॉकेटमध्ये आवळला जातो आणि पुढचे लाकूड नळी व बॉडीला खालून कवेत घेते. १९०७ साली मंजूर झालेल्या तिसऱ्या मार्कमध्ये, म्हणजे नमुन्यात, हे लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत जाते. तिथे बसवलेल्या धातूच्या टोपीला सतरा इंची पात्याची संगीन अडकवली जात असल्याने संगिनीचा भार नळीवर न येता लाकडावर येतो. नळी २५.२ इंच लांब आणि बारीक होती. तिला आवरण्यासाठी टोपीच्या मागे स्प्रिंगवरची एक खुंटी ठेवून नळी वर ढकलली गेली, तर मध्यभागी एका आतल्या कडीने ती खाली ओढून धरली. १९१६ मध्ये युद्धाच्या घाईत या रायफलीचे बरेच भाग गाळले गेले, पण लाकूड बसवण्याची ही मूळ रचना तशीच राहिली.

आता त्या मागच्या दोन पृष्ठभागांविषयी. गोळी सुटताना बॉडी मागे येते आणि तिचा धक्का पुढच्या लाकडातील दोन उभ्या खांद्यांवर आदळतो. इंग्रज कारागीर त्यांना ‘ड्रॉज’ म्हणत. दोन्ही खांदे एकाच वेळी आणि सारख्याच दाबाने टेकलेले असले, तर प्रत्येक गोळीला बॉडी आपल्या जागी परतते. एक खांदा झिजला किंवा तेलाने मऊ पडून दबला, तर बॉडी किंचित तिरकी सरकते, धक्का लाकडाच्या मागच्या पातळ टोकावर येतो आणि ते टोक उभे चिरते. चापाच्या कड्याच्या पुढच्या स्क्रूभोवती असलेली छोटी नळकांडीही इथे महत्त्वाची आहे. स्क्रू कितीही आवळला तरी लाकूड चिरडू नये यासाठी ती असते; पण वर्षानुवर्षांनी लाकूड आकसले की स्क्रू नळकांडीवर घट्ट बसतो आणि लाकूड मात्र आत सैल राहते. हाताला सगळे ठीक वाटते आणि निशाण्यावर गोळ्या विखुरतात. (दस्ता आधी काढू नये, हा दंडक याच रचनेतून आला आहे. बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असते आणि ते तसेच फिरवले तर लाकूड फाटते.)

गोंधळाचे खरे घर आहे ‘बेडिंग’ हा शब्द. सैनिकी शस्त्रागारात त्याचा अर्थ मुख्यतः बॉडी आणि नळीचा जाड बुंधा लाकडात कसा बसला आहे, एवढाच होता. पुढे नळीच्या टोकाशी दिलेल्या दाबालाही तोच शब्द लागला. निशाणेबाजीच्या स्पर्धांमध्ये हौशी नेमबाज नळीखाली बुचासारख्या पदार्थांच्या पातळ पट्ट्या घालू लागले, तेव्हा त्या पट्ट्यांनाही तोच शब्द चिकटला आणि लष्करी नमुन्याच्या रायफलीत असे किती भरण चालवून घ्यायचे हा नियमांचा प्रश्न झाला. अलीकडे रेझिन ओतून साचा घेण्यालाही बेडिंगच म्हणतात. मराठीत या चार गोष्टींना वेगळे शब्द देणे सोपे आहे : बैठक, दाब, भरण आणि ओतीव साचा. हा भेद पाळला तर अर्धा वाद मिटतो, कारण दाबाविषयी भांडणारे दोघेही बैठक पक्की आहे असे गृहीत धरूनच भांडत असतात.

दाबाच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे एक वजनदार युक्तिवाद आहे. काडतूस नळीत बंद करणारा या रायफलीचा सरकता दांडा मागच्या बाजूने अडकतो, त्यामुळे गोळी सुटताना बॉडी आणि बारीक नळी एका विशिष्ट प्रकारे लवतात. मंद गोळी नळी जरा वर असताना बाहेर पडते, वेगवान गोळी जरा खाली असताना, आणि लांब पल्ल्यावर हा फरक अंशतः भरून निघतो. ली-एनफील्डची हजार यार्डांवरची ख्याती यावरच उभी आहे. म्हणून नळी सरसकट मोकळी करणे हे या रायफलीच्या स्वभावाविरुद्ध जाणे आहे, असे मला वाटते.

दुसऱ्या महायुद्धाने मात्र लाकडाचाच प्रश्न ऐरणीवर आणला. ऑस्ट्रेलियात लिथगो येथे अक्रोडाऐवजी क्वीन्सलँड मेपल आणि कोचवुड ही स्थानिक लाकडे वापरली जात होती. मऊ लाकडात खांदे लवकर दबत असल्याने तिथे तांब्याच्या पट्ट्या बसवल्या गेल्या. माझ्या मते या रायफलीच्या सबंध इतिहासात लाकूडकामातील सर्वांत समंजस सुधारणा हीच. ब्रिटनने आणलेल्या चौथ्या क्रमांकाच्या रायफलीत नळी जाड झाली आणि संगीन थेट नळीवर गेली. त्यामुळे खुंटी व आतली कडी गळली आणि टोकाशी लाकडाचाच काही पौंडांचा दाब उरला. १९७० च्या सुमारास ७.६२ मिलिमीटरचे काडतूस वापरणाऱ्या नेमबाज आवृत्त्यांत पुढचे लाकूड अर्ध्यावर कापून नळी मोकळी करण्यात आली. परंतु त्या नळ्या जड होत्या, आणि त्यांचा दाखला १९०७ च्या बारीक नळीला लावणे चुकीचे आहे.

भारताने चौथा क्रमांक बनवलाच नाही. हुगळीकाठच्या ईशापूरमध्ये जुनाच नमुना चालू राहिला आणि त्याची काडतुसे आपल्या खडकीतही बनत. ईशापूरच्या लाकडात मॅगझिनच्या पुढे एक आडवा स्क्रू दिसतो, तो लाकूड उभे चिरू नये म्हणून घातलेला असतो. ग्रेनेड फेकण्यासाठी ठेवलेल्या रायफलींवर तर तारेचे वेढेच गुंडाळलेले आढळतात. १९६२ च्या युद्धानंतर त्याच सांगाड्यावर ७.६२ ची आवृत्ती आली; बॉडीचे पोलाद बदलले, पण धक्का घेणारे लाकडी खांदे तेच. मूळ थ्री नॉट थ्री पोलिसांच्या हाती इतकी टिकली, की नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवरही ती दिसली.

आजचा मुद्दा रेझिनचा आहे. दबलेल्या खांद्यांमागे रेझिन ओतले की बैठक झटपट नेमकी होते, हे खरे आहे. पण जवसाच्या कच्च्या तेलात मुरलेल्या लाकडाला ते नीट धरत नाही, आणि पुढे कधी काढायचे झाले तर लाकूड घेऊनच निघते. त्याऐवजी खराब भाग चौकोनी कापून, लाकडाच्या तंतूंच्या रेषा धक्क्याच्या दिशेला ठेवून, टणक लाकडाचा तुकडा बसवणे वेळखाऊ असले तरी पुन्हा उलगडता येते. तो तुकडा मुद्दाम किंचित जाड ठेवतात. बॉडीच्या खालच्या अंगाला काजळी लावून ती लाकडात बसवायची, काढायची, जिथे काळा डाग उमटला तेवढेच पटाशीने केसभर खरवडायचे, आणि दोन्ही खांद्यांवर डाग सारखा उमटेपर्यंत हे करत राहायचे. नळीच्या टोकाशी किती दाब ठेवायचा हे त्यानंतर ठरवले जाते.