पाळीव हेजहॉग : निवारा आणि निगा

हेजहॉग हा पाठभर ताठ काटे असलेला, निशाचर आणि एकलकोंडा लहान सस्तन प्राणी आहे. घरोघरी पाळला जातो तो बहुतेक वेळा आफ्रिकी पिग्मी हेजहॉग. त्याचे शास्त्रीय नाव ॲटेलेरिक्स अल्बिव्हेंट्रिस. आफ्रिकेच्या मध्यभागातील गवताळ पट्टा हे त्याचे मूळ वसतिस्थान. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारण ३०० ते ६०० ग्रॅम भरते आणि चांगली निगा राखल्यास तो ४ ते ६ वर्षे जगतो. काट्यांमुळे तो साळिंदराचा भाऊबंद वाटतो, पण साळिंदर हा उंदीर-खारीच्या गटातला कुरतडणारा प्राणी, तर हेजहॉगचे नाते चिचुंद्रीशी जवळचे. त्याचे काटे साळिंदराच्या काट्यांसारखे सहज सुटून शत्रूच्या अंगात रुतत नाहीत. घाबरला की तो अंगाचा गोळा करतो आणि धोका टळेपर्यंत तसाच पडून राहतो. युरोपातील बागांमधून हिंडणारा हेजहॉग ही वेगळी, रानटी जाती असून ती पाळण्यासाठी नाही.

नव्याने घरी आणलेल्या हेजहॉगला लाडापेक्षा ऊब आणि एकांत जास्त लागतो. पिंजऱ्यातले तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. युरोपीय जाती हिवाळाभर शीतनिद्रा घेते. तिच्या शरीराची तशी तयारी असते. पिग्मी हेजहॉगचे तसे नाही. पारा १८–२० अंशांच्या खाली गेला की तोही शीतनिद्रेत जायचा प्रयत्न करतो, आणि हा प्रयत्न त्याच्या जिवावर बेतू शकतो. पोट हाताला गार लागणे, चाल डळमळणे, खाणे सुटणे आणि हात लावूनही नीट गोळा न होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी त्याला अंगाशी धरून किंवा कोमट कपड्यात गुंडाळून हळूहळू ऊब द्यावी आणि पशुवैद्याला दाखवावे. गरम पाण्यात बुडवणे हा उपाय नव्हे. उलट तापमान ३० अंशांपलीकडे गेले तर प्राणी हातपाय पसरून पालथा पडतो, धापा टाकतो. म्हणून पिंजऱ्याच्या आत थर्मामीटर हवाच. खोलीच्या हवेवरून केलेला अंदाज फसतो. ऊब देण्यासाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला (तापमान आपोआप राखणाऱ्या उपकरणाला) जोडून पिंजऱ्याच्या वर बसवतात. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारे तापणारे दगड वापरू नयेत, त्यांनी पोट भाजते. दिवसाकाठी १२ तासांच्या आसपास उजेडही मिळायला हवा, कारण फार काळ अंधार राहिला तरी शीतनिद्रेची प्रवृत्ती जागी होते.

पिंजरा उंच असण्यापेक्षा ऐसपैस असावा. ६० × ९० सेंटिमीटर तळ ही कमीत कमी जागा धरावी. जास्त असेल तितके बरे. हेजहॉग वर चढतो खरा, पण त्याला उतरण्याचा पाचपोच नाही; त्यामुळे मजल्यामजल्यांचे पिंजरे शोभेचे असले तरी पडझडीला आमंत्रण देतात. जाळीच्या तळात पाय अडकून मोडतात, म्हणून तळ सपाट आणि सलग लागतो. अंथरायला कागदी लगदा, ॲस्पेन लाकडाचा भुसा किंवा फ्लीस कापड चालते. सीडरचा भुसा मात्र टाळावा. त्यातील उडनशील तेले श्वसनमार्गाला बाधतात. कापडाची शिवण उसवलेली नाही ना हे पाहत राहावे, कारण सुटा दोरा पायाला करकचून बसला तर पाय गमावण्याची वेळ येते. लपायला एक अंधारी पेटी किंवा कापडी पिशवी हवी. ती नसेल तर हा प्राणी दिवसभर धास्तावलेला राहतो.

चाक ही चैनीची वस्तू नव्हे. रानात तो अन्नाच्या शोधात रात्रभर पायपीट करतो. पिंजऱ्यात ती हौस चाकावरच भागते. चाकाचा व्यास २८ ते ३० सेंटिमीटर असावा आणि धावण्याचा पृष्ठभाग सलग असावा. धावता धावताच विष्ठा करण्याची त्याची खोड असल्याने चाक रोज धुणे आले. एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवावा. जोडीला सोबती दिल्यास मैत्री होण्यापेक्षा मारामारी होण्याची शक्यता अधिक, आणि नर-मादी असतील तर नको असलेली पिल्ले.

पहिले दोन-तीन दिवस अन्नपाणी देण्यापलीकडे त्याला फारसे हाताळू नये. या काळात तो कमी खातो, क्वचित हिरवट विष्ठाही करतो; दोन दिवसांत खाणे सुरू झाले नाही तर मात्र न थांबता पशुवैद्याला दाखवावे. वापरलेला जुना सदरा पेटीत ठेवला की मालकाच्या वासाची सवय होते. पुढे रोज अर्धा तास, शक्यतो संध्याकाळनंतर, दोन्ही हातांची ओंजळ पोटाखाली घालून उचलावे. हातमोजे सोयीचे वाटतात, पण त्यांमुळे ओळख लांबते. फुसफुसणे आणि कपाळावरचे काटे पुढे काढणे हा रागापेक्षा भीतीचा आविर्भाव असतो. तो ओसरायला काही आठवडे लागतात. काही हेजहॉग आयुष्यभर तुसडेच राहतात.

नवखा मालक हमखास घाबरतो तो एका विचित्र सवयीने. अनोळखी वास आला की हेजहॉग ती वस्तू चाटतो, चावतो, तोंडाला फेस आणतो आणि मान वेडीवाकडी वळवून तो फेस जिभेने पाठीच्या काट्यांवर थापतो. पाहणाऱ्याला हे पिसाळल्याचे लक्षण वाटते. प्रत्यक्षात ते अगदी स्वाभाविक वर्तन आहे. ते कशासाठी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोवळ्या वयात काटे गळणे हेही नैसर्गिकच. साधारण दीड-दोन महिन्यांच्या वयात पिलाचे बारीक काटे जाऊन जाड काटे येतात, तेव्हा ते चिडचिडे होते. प्रौढाचे काटे गळून कातडीवर कोंडा दिसू लागला, तर माइट या सूक्ष्म परजीवीची शंका घ्यावी.

आहार मुख्यतः कीटकांचा. हेजहॉगसाठीचे तयार खाद्य किंवा भरपूर प्रथिने व कमी चरबी असलेले मांजराचे कोरडे खाद्य, रोज एक-दोन मोठे चमचे, सोबत रातकिडे आणि मोजक्या मीलवर्म अळ्या द्याव्यात. अळ्या त्याला फार आवडतात, पण त्यांत चरबी जास्त आणि कॅल्शियम कमी. लठ्ठ हेजहॉगला नीट गोळाही होता येत नाही. पूर्वापार दाखवली जाणारी दुधाची बशी त्याला अतिसार घडवते. द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट वर्ज्य.

आजार लपवण्यात हा प्राणी पटाईत असल्याने दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवावे. घटते वजन ही बहुधा पहिली खूण असते. दातांचे विकार आणि तिसऱ्या वर्षानंतर गाठी व कर्करोग बरेच आढळतात. मागच्या पायांपासून लुळेपणा वाढत नेणाऱ्या एका चेताविकारावर अजून उपचार नाही. गोळा झालेल्या प्राण्याची तपासणी करायला कधीकधी भूल द्यावी लागते; म्हणून असे प्राणी हाताळणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवावा.

निरोगी दिसणारा हेजहॉगही साल्मोनेला जिवाणू बाळगू शकतो, शिवाय त्याच्यापासून माणसाला नायटा होऊ शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, पिंजरा व चाक स्वयंपाकघरात धुऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना त्याच्यापासून दूर ठेवावे. पाळण्यासंबंधीचे कायदे ठिकाणागणिक बदलतात: अमेरिकेत बहुतेक राज्यांत परवानगी असली तरी कॅलिफोर्निया आणि हवाईमध्ये तो पाळणे बेकायदा आहे.