हाडाचे मणी कातण्याचे पाते

हाडाच्या पट्टीतून गोल मणी कातून काढण्यासाठी वापरायचे तीन दातांचे पोलादी पाते. मधला लांब सुळा मण्याचे भोक पाडतो, कडेचे दोन आखूड दात मणी पट्टीपासून मोकळा करतात आणि सुळा व दात यांच्यामधल्या दोन खोबणी मण्याला गोलाई देतात. पाते फिरवत पट्टीच्या एका अंगाने निम्म्या जाडीपर्यंत उतरवायचे, मग पट्टी उलटून त्याच भोकावर दुसऱ्या अंगाने पुन्हा उतरवायचे. दोन्ही कातणी मध्यावर भेटल्या की भोक पडलेला, गोल झालेला मणी आपोआप सुटतो. युरोपात मुख्यत्वे तेराव्या ते सोळाव्या शतकांत जपमाळेचे लाखो मणी याच रीतीने झाले. त्या काळच्या हस्तकला आज पुन्हा करून पाहणारे कारागीर हे पाते सहसा घरीच, बहुधा जुन्या कानशीपासून, घडवतात.

कातलेल्या पट्ट्यांची साक्ष. मध्ययुगीन मणीकारांची पाती उत्खननात फार क्वचित सापडतात. एकतर ती लहान, दुसरे म्हणजे लोखंड गंजते, आणि झिजलेले पाते पुन्हा भट्टीत जाते. टिकल्या त्या त्यांनी कातून टाकलेल्या हाडाच्या पट्ट्या. जर्मनीच्या दक्षिण टोकाला असलेल्या कॉन्स्टान्स शहराने मध्ययुगात सरोवराचा काठ भर घालून पुढे सरकवला. त्या भरावात टाकलेल्या कचऱ्यात एका ओळीत गोल भोके असलेल्या अशा पट्ट्या प्रचंड संख्येने मिळाल्या. लंडनमध्येही त्या मिळाल्या आहेत.

या विषयाचे सगळे मर्म त्या कचऱ्यात आहे. भोकाची रुंदी म्हणजे पात्याची एकूण रुंदी. भोकाच्या भिंतीवर मध्यभागी उठलेली बारीक कड दाखवते की कातणी दोन्ही अंगांनी झाली. पट्टी उलटताना भोक जरा चुकले असेल तर ती कड एका बाजूला जाड राहते. काही पट्ट्यांत एकाच अंगाने कातलेला अर्धवट मणी तसाच बसलेला असतो. तो मधोमध चिरून पाहिला तर सुळा, खोबणी, दात असे पात्याचे सगळे अंग उमटलेले दिसते. पाते म्हणजे मण्याची उलटी आकृती आणि टाकून दिलेली पट्टी म्हणजे त्या पात्याचा ठसा. आज घरी घडवलेले प्रत्येक पाते या ठशावरूनच वाचून काढलेले आहे. म्हणून फेकलेल्या तुकड्यांना मण्यांइतकाच, माझ्या मते मण्यांहून जास्त, मान द्यायला हवा.

पातेरनोस्टरकार. 'पातेर नोस्तेर' हे लॅटिन शब्द म्हणजे 'आमच्या बापा', ख्रिस्ती प्रार्थनेचा आरंभ. ती प्रार्थना मोजायच्या माळेलाही तेच नाव पडले आणि माळा करणाऱ्यांना पातेरनोस्टरकार म्हणू लागले. पॅरिसमधल्या धंद्यांचे नियम १२६८ च्या सुमारास एतिएन बुआलो याने एकत्र नोंदवून घेतले. त्यांत मणीकारांचे वेगवेगळे संघ आहेत: हाड व शिंग यांचे मणी करणारे निराळे, पोवळे व शिंपल्याचे निराळे, अंबर (दगड झालेला झाडाचा डिंक) व जेट (कोळशासारखा काळा दगड) यांचे निराळे. हाडाचा मणी त्यांत सर्वांत स्वस्त, म्हणजे सर्वसाधारण माणसाच्या हातातला. लंडनमध्ये सेंट पॉल चर्चशेजारच्या गल्लीचे नाव पातेरनोस्टर रो असेच राहिले. इंग्रजीतला मण्यासाठीचा 'बीड' हा शब्दही मुळात प्रार्थना या अर्थाचा होता.

या कारागिराचे बोलके चित्र न्यूरेम्बर्गच्या मेंडेल धर्मादाय गृहाच्या वहीत आहे. १३८८ मध्ये स्थापन झालेल्या या गृहात म्हाताऱ्या, गरजू कारागिरांना आसरा मिळे आणि १४२५ च्या सुमारापासून प्रत्येकाचे चित्र त्याच्या धंद्यासह वहीत काढले जाई. त्यातला मणीकार बाकापाशी बसला आहे. आडव्या आसाला पाते बसवलेले आहे, एका हाताने तो कमान मागेपुढे ओढून आस फिरवतो आणि दुसऱ्या हाताने पट्टी पात्यावर दाबतो. आपल्याकडचा सुतारी सामता (दोरी गुंडाळलेल्या कमानीने फिरवायचे भोक पाडण्याचे अवजार) ज्याने पाहिला आहे त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच की सामता उभा धरतात आणि तो वस्तूवर नेतात. इथे वस्तू पात्यापाशी आणली आहे.

परंपरेने पूर्ण जपमाळ १५० 'आवे मारिया' (मेरीला वंदन) प्रार्थनांची. तिचा तिसरा हिस्सा ५० मण्यांचा. पोर्तुगीज भाषेत या तिसऱ्या हिश्श्याला 'तेर्सु' म्हणतात आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी म्हटला जाणारा 'तेर्स' तोच.

पात्याची घडण. जुनी चपटी कानस यासाठी सर्वांत सोयीची, कारण कानशीचे पोलाद सुमारे १.२ टक्के कार्बनचे असते आणि ते चांगले पाणी घेते, म्हणजे तापवून एकदम निववले की कडक होते. काही स्वस्त कानशींचा फक्त वरचा थर कडक केलेला असतो; त्या इथे चालत नाहीत. सहाणयंत्राला टेकवल्यावर फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या भरघोस ठिणग्या उडाल्या तर पोलाद बरे समजावे. कानस आहे तशी कापता येत नाही, म्हणून आधी नरम पाडतात: लालबुंद तापवून गरम राखेत पुरायची आणि रात्रभर हळूहळू निवू द्यायची. दुसऱ्या दिवशी ती साध्या लोखंडासारखी कापली जाते. शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून तिचे दाते घासून काढतात आणि जाडी दोन मिलिमीटरच्या आत आणतात.

आता मोजमाप. मणी ६ मिलिमीटरचा हवा असेल तर पट्टीही ६ मिलिमीटर जाड असावी लागते. कडेचे दात प्रत्येकी १ मिलिमीटर रुंद धरले तर पात्याची एकूण रुंदी ८ मिलिमीटर होते. खोबणीचा तळ पट्टीच्या पृष्ठभागाला टेकेल तेव्हा दातांची टोके ३ मिलिमीटर खोल, म्हणजे बरोबर मध्यावर, पोचली पाहिजेत. मधला सुळा मात्र पहिल्याच फेरीत पट्टीच्या आरपार जायला हवा, कारण पलीकडे निघालेले भोकच उलट्या बाजूची कातणी नेमक्या जागी बसवते. म्हणून सुळा दातांपेक्षा किमान साडेतीन मिलिमीटर पुढे ठेवतात. घरी केलेल्या पहिल्या पात्यांत हमखास होणारी चूक म्हणजे आखूड सुळा.

दुसरी चूक भोकाच्या मापात होते. सुळा गोल नसून चौकोनी असतो, आणि फिरताना भोक पडते ते त्याच्या कर्णाएवढे. दीड मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड सुळा अडीच मिलिमीटरचे भोक पाडतो. ६ मिलिमीटरच्या मण्याला ते फार मोठे; मणी पोकळ, कडेला कच्चा होतो. तोच सुळा १.२ बाय १.६ वर घासून आणला की भोक बरोबर २ मिलिमीटरचे पडते. खोबणी बारीक गोल कानशीने घासतात. दोन्ही खोबणी सारख्या उतरल्या पाहिजेत. एक जरी खोल राहिली तरी गोलाई उथळ खोबणीचीच उमटते आणि दुसरी नुसती फिरत राहते.

धारेचा प्रश्न फिरवण्याच्या रीतीवर अवलंबून आहे. विजेचे ड्रिल एकाच दिशेने फिरते, तेव्हा धार पुढच्या अंगाला ठेवून मागची बाजू उतरती घासतात. सुळ्याच्या डावी-उजवीकडे हा उतार उलटसुलट येतो. कमान मात्र पाते एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवते. त्यामुळे कमानीच्या पात्याला दोन्ही अंगांनी सारखा उतार देऊन धार जाडीच्या मधोमध आणावी लागते. असे पाते खऱ्या अर्थाने कापत नाही, खरवडते. काम हळू होते, पण हाडाचा तुकडा उडत नाही आणि गोलाई नितळ येते. कमानीच्या पात्याचा हा संथपणा मला दोष वाटत नाही. हाडाच्या जातीला तोच मानवतो.

घासकाम संपले की पाणी द्यायचे. टोक चेरीसारखे लाल करायचे. लोहचुंबक चिकटेनासे झाले की पोलाद हवे तेवढे तापले असे ओळखतात. लगेच टोकाकडून तेलात सरळ बुडवायचे. आता पाते काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ असते. तसेच वापरले तर सुळा पहिल्या भोकातच तुटतो. म्हणून ते घासून चकचकीत करून पुन्हा हलके तापवतात. ज्योत मुठीकडच्या बाजूला धरायची आणि रंग दातांकडे सरकताना पाहायचा. सुळा बारीक असल्यामुळे थेट ज्योतीत क्षणात निळा पडतो आणि मऊ होतो. टोकांवर वाळक्या गवताचा पिवळा रंग आला, म्हणजे दोनशे ते सव्वादोनशे अंश सेल्सिअस झाले, की थांबून पाण्यात बुडवायचे. शेवटी निसण्यावर धार.

हाड. मध्ययुगीन मणीकार बहुतेक गाईबैलांच्या पायाच्या खालच्या नळीचे हाड वापरत. ते सरळ, जाड भिंतीचे असते आणि त्याला चपट्या बाजू असतात. भारतात आज हाडकामासाठी म्हशीचे हाड चालते. उत्तर प्रदेशातील संभळ येथील शिंग-हाडाचा धंदा त्यावरच उभा आहे.

हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश खनिज आणि उरलेला बहुतेक भाग कोलॅजेन हे प्रथिन असते. कडकपणा खनिजाचा, चिवटपणा कोलॅजेनचा. खळखळ उकळत ठेवले तर कोलॅजेन विरघळते आणि मणी खडूसारखा भुसभुशीत होतो, म्हणून मंद आचेवर शिजवून मांस व मज्जा काढतात, मग साबणाच्या कोमट पाण्यात काही दिवस ठेवून चरबी उतरवतात. घरात कपड्यांसाठी असलेले क्लोरीनचे ब्लीच वापरू नये. तेही कोलॅजेनच खाते. पांढरेपणा हवा तर हायड्रोजन पेरॉक्साइड. नंतर दोन्ही टोके करवतीने उडवून नळी उभी चिरतात आणि पट्ट्या दगडावर घासून एकसारख्या जाडीच्या करतात. जाडी सारखी नसेल तर पुढचे सगळे मोजमाप वाया जाते.

कातणी. पट्टी आधी काही तास पाण्यात भिजवतात. ओले हाड सोलल्यासारखे निघते, सुके भुगा होऊन तापते आणि केस जळल्याचा वास येतो. तो वास आला की पाते उचलून निवू द्यावे. हाडातले तंतू आणि रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या लांबीच्या दिशेने धावतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात पाते दोनदा तंतूंच्या बाजूने आणि दोनदा त्यांना आडवे जाते. आडव्या जागी ते किंचित अडखळते. दाब वाढवला तर नेमके तिथेच टवका उडतो. पट्टीखाली लाकूड ठेवतात, म्हणजे सुळा बाहेर पडताना पलीकडची कड फुटत नाही.

हाडाची धूळ फुफ्फुसांना फार वाईट. ओले काम करणे हा निम्मा उपाय. उरलेल्या निम्म्यासाठी चांगला मास्क हवाच, आणि झाडून न काढता धूळ ओल्या फडक्याने टिपावी.

एका ओळीत सगळे मणी आधी एकाच अंगाने कातून घेतात, मग पट्टी उलटतात. दुसऱ्या अंगाने शेवटच्या क्षणी मणी सुटून पात्यासोबत फिरू लागतो, तेव्हा दाब जवळपास काढून घ्यावा लागतो. ८ मिलिमीटरच्या पात्याने, मधे अर्ध्या मिलिमीटरची भिंत ठेवून, ६० मिलिमीटरच्या पट्टीत ७ मणी बसतात. त्याहून दाटीने कातले की भिंत मोडते आणि शेजारचा मणी वाकडा होतो. सुटलेल्या मण्याच्या कंबरेवर एक बारीक कंगोरा राहतो. मणी ओल्या बारीक वाळूसोबत कापडी पिशवीत घालून बराच वेळ चोळले की तो जातो. मग खडूची पूड आणि थोडे तेल लावून कातड्यावर चकाकी आणतात.

पात्याविना मणी. मणी करायला असे पाते लागतेच असे नाही. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे सा. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे मणी मिळाले. कवचाच्या मण्यांची जगभर दिसणारी रीत उलटी आहे: आधी कवचाचे लहान तुकडे तोडायचे, गारगोटीच्या टोकदार पात्याने प्रत्येकाला भोक पाडायचे, सगळे एका दोरीत घट्ट ओवायचे आणि ती दोरीच दगडाच्या खाचेत घासत राहायची. सगळे मणी एकदम गोल होतात, पण चकतीसारखे; दोन्ही अंगांनी फुगीर गोळा त्या रीतीने निघत नाही. पाटण्याच्या कारागिराने भोक आधी पाडले आणि गोलाई नंतर दिली. तीन दातांचे पाते ही दोन्ही कामे एकाच फिरकीत करते, आणि त्यासाठी मण्याचा पूर्ण आकार आधी पोलादात, उलटा, घासून ठेवावा लागतो.