बस ट्रान्सीव्हर

संगणकातील अनेक कार्डे ज्या सामाईक तारांवरून, म्हणजे बसवरून, माहितीची देवघेव करतात, त्या तारा आणि कार्डावरील मंडले यांच्यामध्ये राहून दोन्ही दिशांनी संकेत पोहोचविणारी संकलित मंडलाची चिप. तिच्यात प्रत्येक तारेसाठी एक प्रेषक व एक ग्राही असतो. ७४एलएस२४५ ही आठ तारांची, २० पिनांची चिप सर्वपरिचित आहे.

उगम कोठे धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-११ संगणकातील (१९७०) युनिबसच्या ५६ तारांपैकी बहुतेक द्विदिशिक असून त्या ओपन-कलेक्टर प्रेषकांनी, म्हणजे तारेची पातळी फक्त खाली ओढू शकणाऱ्या वा ती मोकळी सोडणाऱ्या प्रेषकांनी, चालत. त्रिस्थिती निर्गमापासून (० व १ यांखेरीज तारेपासून अलिप्त राहण्याची तिसरी स्थिती असलेल्या निर्गमापासून) आरंभ धरणे अधिक प्रचलित असले, तरी एकाच तारेवर बोलणे व ऐकणे हे लक्षण युनिबसमध्ये आधीच पूर्णपणे दिसते.

वेग वाढल्यावर खरी अडचण बॅकप्लेनवर, म्हणजे कार्डे ज्यात खोचतात त्या बसच्या तारांच्या फलकावर, आली. मोकळ्या तारेचा संरोध (बदलत्या संकेताला होणारा विद्युत् विरोध) सुमारे ६० ते १०० ओहम असतो. पण प्रत्येक कार्ड आपल्या विद्युत् धारकतेची, साधारणतः १० ते २० पिकोफॅरडची, भर घालत असल्याने भरलेल्या बॅकप्लेनवर तो २० ते ३० ओहमपर्यंत उतरतो. मधल्या कार्डावरील प्रेषकाला दोन्ही बाजूंच्या तारा समांतर जोडलेल्या भासतात, म्हणजे संरोध आणखी निम्मा होतो. १० ओहमवर ३ व्होल्टांचा बदल घडविण्यास ३०० मिलिअँपिअर प्रवाह लागेल. ७४एलएस२४५ ची क्षमता २४ मिलिअँपिअर आहे. त्यामुळे पहिली लहर निर्णायक पातळी गाठत नाही आणि परावर्तने शमेपर्यंत ग्राहीला थांबावे लागते.

नॅशनल सेमिकंडक्टरमधील आर. व्ही. बालकृष्णन यांनी फ्यूचरबस या आयईईई (विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांची संस्था) बस-मानकासाठी मांडलेल्या उपायातून बॅकप्लेन ट्रान्सीव्हर लॉजिक (बीटीएल) हा प्रकार आला व आयईईई ११९४.१ (१९९१) या मानकात स्थिरावला. त्यात तारेवरील विभव सुमारे १ व २.१ व्होल्ट यांदरम्यानच बदलतो, तर निर्गमाशी एकसर जोडलेला शॉटकी डायोड चिपची धारकता ५ पिकोफॅरडांच्या आत ठेवतो. यशाचे श्रेय सहसा कमी केलेल्या विभवाला दिले जाते. परंतु संरोध मुळातच घसरू न देणारा डायोड अधिक महत्त्वाचा मानणे सयुक्तिक वाटते. दोन प्रेषक एकच तार ओढून धरत असताना त्यांतील एकाने ती सोडल्यास उमटणारा क्षणिक स्पंद मात्र बीटीएलनेही टळत नाही. तो ग्राहीपाशी गाळावा लागतो.

झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील विल्यम गनिंग यांच्या नावाच्या गनिंग ट्रान्सीव्हर लॉजिक (जीटीएल) पद्धतीत विभव ०.४ ते १.२ व्होल्ट असतो. तिचे सुधारित रूप इंटेलने पेंटियम प्रोच्या (१९९५) बससाठी वापरले. लांब केबलींसाठी आरएस-४८५ सारखे दोन तारांमधील विभवांतर मोजणारे ट्रान्सीव्हर वापरतात.